वाटेवरची हजेरी

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

पोचले. जेवते, झोपते, स्वेटर घालते, अनोळखी माणसांशी फालतू बोलत नाही. तू विचारणार होतीस ते सगळं एका ओळीत निकालात काढलं, आता माझं ऐक. आईला पत्र वाचून दाखवताना थंडीबद्दलचं गाळ, नाहीतर ती तिथे बसून माझ्यासाठी कुडकुडेल. भावोजींना सांग, त्यांच्या 'जन्मभर टिकणाऱ्या' बॅगेचा पट्टा पहिल्याच स्टेशनावर तुटला. मी ती बाळासारखी कडेवर घेऊन आले.

इथून पत्र पोचायला बारा दिवस लागतात असं पोस्टातल्या बाईंनी सांगितलं. फोनचं म्हणशील तर तुमच्या गावात फोन पोस्टात आणि तुमचे पोस्टमास्तर म्हणजे गावचा रेडिओ. तेव्हा कागदच बरा.

शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला आलेल्या आम्ही चौघी एकाच वसतिगृहात, एकाच शाळेत, पण चार वेगळ्या वर्गांवर. आमच्यातल्या थोरलीला आम्ही सरपंच म्हणतो. कुणी किती वाजता अंघोळ करायची इथपासून ती सगळं ठरवते. तिची शिस्त नसती तर मी अजून स्टेशनावर बॅग कडेवर घेऊन उभी असते, हेही खरं.

शाळा रस्ता ओलांडला की समोरच. लांबच लांब व्हरांडा, त्यात पोरांच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली नाव. मला चौथीचा वर्ग मिळाला आहे, सव्वीस मुलं. वर्गाच्या बाईंचं नाव मी मनातल्या मनात घड्याळबाई ठेवलं आहे. त्या बोलतातसुद्धा मिनिटं मोजून. फाटकावर एक आजोबा असतात, पहिल्या दिवशी त्यांनी आपली छत्री मला दिली आणि स्वतः भिजले. पोरं इथे बाईंना सरळ अगं-तुगं करतात. पहिल्या दिवशी एकाने मला 'ए, तुझा खडू पडला' म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतोय म्हणून.

हजेरीचं इथे भारी प्रस्थ आहे. नऊला घंटा होते. नऊ वाजून दहा मिनिटांच्या आत नावं पुकारून हजेरीपट शाईने भरायचा आणि दाराबाहेरच्या पत्र्याच्या खिशात ठेवायचा. सव्वानऊला कारकूनबाई तो नेतात आणि ज्या नावापुढे खूण नाही त्याच्या घरी लगेच फोन. घरी कोणी नसेल तर आईबापांच्या कामावर. तिथेही पत्ता लागला नाही तर पोलिसांना. साडेनऊच्या आत शाळेला प्रत्येक पोराचा ठावठिकाणा माहीत असतो. पट एकदा खिशात गेला की बदलायची सोय नाही. बदलायचाच तर मुख्याध्यापकांसमोर उभं राहून कारण लिहून सही करायची.

मला तुझी हजेरी आठवून हसू आलं. इकडे घंटा झालेली, तिकडे होडी नदीच्या मध्यावर, आणि तू खिडकीतून बघून 'निघाली, निघाली' म्हणत पलीकडच्या अकरा पोरांपुढे खूण करून मोकळी. वाटेवर असलेलं पोर हजरच धरायचं, नाहीतर साहेब पटावरचे आकडे बघून शाळाच बंद करतील, हे मी तुझ्याकडून शिकले आहे. तुझ्यामागे शेपटासारखी शाळेत येऊन मागच्या बाकावर बसायचे तेव्हापासून.

हा किस्सा मी घड्याळबाईंना मधल्या सुट्टीत रंगवून सांगितला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि होडी आलीच नाही तर?"

मी म्हटलं, "रोज येते की."

त्यावर त्यांनी कप धुऊन ठेवला आणि त्या गेल्या. विनोद कळत नाही बहुधा.

आईला नमस्कार. पत्र लिही, चार पानी.

तुझं शेपूट


६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चार पानी सांगितलं तर दीड पान आलं, त्यातही अर्धं पान भावोजींच्या गुडघ्यावर. असो. गुडघ्याला आराम पडो.

माझं ठीक चाललं आहे. सोळा सराव पाठ झाले. घड्याळबाई पाठाच्या टाचणावर लाल शाईने लिहितात, पण अपमान करत नाहीत. गेल्या महिन्याच्या मध्यापासून सकाळची हजेरी माझ्याकडे आहे. पहिल्या तासाला त्या दुसऱ्या वर्गावर जातात, म्हणून दहापर्यंत वर्ग माझ्या एकटीचा. भाषाही आता जिभेवर बसत चालली आहे. पोरं माझे उच्चार सुधारतात आणि फार खूश होतात.

आज तुला एका मुलीबद्दल लिहायचं आहे. नऊ वर्षांची, हडकुळी, लाल टोपी घालते, ती वर्गातसुद्धा काढत नाही. मी तिला खारुताई म्हणते, कारण जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी टाकलेल्या पावाच्या कडा गोळा करून खिशात कोंबते. खात मात्र नाही. दुपारभर तिचे दोन्ही खिसे फुगलेले असतात.

ती बसने एकटी येते आणि उशिरा येते. हजेरी माझ्याकडे आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मी नसले तरी मला हजर लावशील? मी येतेच."

"का गं?"

"फोन वाजतो. बाबा रात्री कामावर असतात, सकाळी झोपतात. फोन वाजला की उठतात आणि मग त्यांना झोप लागत नाही. मग रात्री मशीनवर डोळा लागतो." तिने आपली करंगळी मुडपून दाखवली. "हे बोट तसंच गेलं त्यांचं."

आई नाही. नाही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

ताई, सांग, तू काय केलं असतंस? मला माहीत आहे तू काय केलं असतंस. मी पण तेच केलं. आठवड्यातून दोन-तीनदा तिच्या नावापुढे आधीच खूण करते आणि ती दहा-पंधरा मिनिटांत येतेच. दाराच्या काचेवर पंजा टेकवते, मी मान हलवते, ती आत सरकते. आमचं दोघींचं गुपित आहे. खरं सांगू, मला त्याचा अभिमान वाटतो. इतक्या लांब येऊन एका पोरीने मला विश्वासात घेतलं, घड्याळबाईंना नाही.

फक्त एवढंच की दहा मिनिटांची वीस झाली आणि गेल्या आठवड्यात एकदा पाऊण तास. तिच्या गुडघ्यांना तांबूस काहीतरी लागलेलं असतं, गंज पुसल्यासारखं. सकाळी येते तेव्हा खिसे रिकामे. मी एकदा विचारलं, आदल्या दिवशीच्या पावाचं काय केलंस.

"वाटेत कोणीतरी वाट बघत असतं."

"कोण?"

"सांगितलं तर ते तिथे राहणार नाही."

पोरांचे खेळ. आपण नाही का विहिरीमागच्या दगडाला रोज साखर घालायचो आणि आईला सांगायचो नाही. तरी मी तिला दम भरला की उशीर असाच वाढत गेला तर मी खूण करणार नाही. ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी वेळेवर आली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उशिरा.

मी काही चुकीचं तर करत नाही ना? लिही. तुझं उत्तर यायला चोवीस दिवस जाणार, तोवर तुझीच पद्धत चालू ठेवते.

तुझं शेपूट


२४ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय ताई,

मी बरी आहे. आधी तेच लिहिते. इथल्या बातम्या तिकडे पोचत नाहीत, पण पोचल्या तरी घाबरू नकोस, आम्हा चौघींना काही झालेलं नाही.

काल माझा अंतिम पाठ झाला. दिवसभर वर्ग एकटीने चालवायचा, घड्याळबाई मुद्दाम परगावी सभेला गेलेल्या आणि मागच्या बाकावर निरीक्षक. उंच, चष्म्याच्या वरून बघणारे गृहस्थ. नऊच्या घंटेआधीच येऊन बसले होते. अपूर्णांकांचा पाठ घेतला, कागदाच्या पट्ट्या फाडून. पोरांनी मान राखला माझा. निरीक्षकांनी शेरा लिहिला, 'वर्गावर पकड उत्तम, नोंदी अचूक.' तू असतीस तर पाठ थोपटली असतीस.

सरपंचाने काल संध्याकाळी चौघींसाठी केक आणला होता. तो अजून टेबलावर तसाच आहे.

आज शाळेला सुट्टी दिली. फाटकापाशी पोलिसांच्या दोन गाड्या आहेत. एक मुलगी काल घरी पोचली नाही. मागे लिहिलं होतं बहुतेक तुला तिच्याबद्दल, खारुताई. काल पाच वाजता तिचे वडील शाळेत आले. मोठा माणूस, हात खिशात घालून उभा होता. मुलगी आली नाही, एवढंच म्हणत होता.

साडेतीनला शाळा सुटते. शाळेच्या फाटकापासून बसच्या थांब्यापर्यंत दोनशे पावलं. बसच्या ड्रायव्हरने सांगितलं, ती बसमध्ये चढली नाही. म्हणजे त्या दोनशे पावलांत काहीतरी झालं, असं सगळे म्हणतात. काल रात्री आणि आज दिवसभर थांब्याच्या बाजूची घरं, बाग, बागेतलं तळं असं सगळं शोधलं. तळ्यात माणसं उतरवली. ड्रायव्हरला तीन तास बसवून ठेवलं होतं. त्याची बायको रस्त्याच्या कडेला लेकराला घेऊन उभी होती.

वर्गातल्या पोरांनाही विचारलं. कोणी म्हणालं होती, कोणी म्हणालं नव्हती, एकाने तर तिला काल निळा झगा घातलेला पाहिला, तो तिच्याकडे नाहीच. पोलीस अधिकारी म्हणाले, या वयात दिवसांची गल्लत होते. मग त्यांनी हजेरीपट पाहिला. मग मला विचारलं. पटावर आहे ते मी सांगितलं.

सगळ्यात वाईट अवस्था फाटकावरच्या आजोबांची आहे. त्यांना सकाळपासून एकच विचारतात, मुलगी बाहेर गेलेली पाहिलीस का. ते म्हणाले, नाही पाहिली. मग तू फाटकावर नव्हतास. होतो. मग पाहिली कशी नाहीस. दुपारपर्यंत हेच. दुपारी मी तिथून जात होते तेव्हा ते म्हणत होते, "लाल टोपी होती ना? पाहिली असेन मी. हो, गेली खरी. बागेकडे गेली." मग सगळे पुन्हा बागेकडे धावले.

ताई, त्यांनी पाहिलं नाही. बघायला काही नव्हतंच.

सरपंच म्हणते, गप्प बस. एका शब्दाने चौघींना परत पाठवतील आणि आपल्यामागून येणाऱ्यांची वाटही बंद होईल. तिला मी सगळं सांगितलेलं नाही, पण तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. म्हणते, तू काही केलेलं नाहीस, तू फक्त एक रेघ मारलीस.

मी तुला लिहायला का बसले मला माहीत नाही. तू गेल्या महिन्यात विचारलं होतंस, जेवण कसं असतं इथलं. बरं असतं. मिठाला कमी.

वर लिहिलेलं पुन्हा वाचून काढलं. 'पटावर आहे ते मी सांगितलं.' किती नीट वाक्य आहे. अधिकाऱ्यांनी मला विचारलं होतं, काल मुलगी वर्गात हजर होती? आणि मी हो म्हटलं.

नव्हती. काल ती शाळेत आलीच नाही. निरीक्षक समोर बसलेले, मी नावं पुकारली, तिच्या नावाला थांबले आणि खूण केली. येईल म्हणून. साडेनऊ झाले. दहा झाले. अपूर्णांक शिकवताना मी सारखी दाराच्या काचेकडे बघत होते. अकराला वाटलं, ऑफिसात जाऊन सांगावं. मग त्यांनी विचारलं असतं, खूण कशी काय केलीस, आणि निरीक्षकांच्या देखत सही करावी लागली असती. जेवणाच्या सुट्टीत वाटलं, आजारी असेल, घरीच असेल, बापाजवळ. मी तसं ठरवूनच टाकलं. दुपारी माझा पाठ इतका छान झाला की दोन तास मी तिला विसरलेही होते.

सगळे संध्याकाळच्या वाटेवर शोधत आहेत. ती सकाळीच कुठेतरी राहिली आहे.

हे वाक्य आता पहिल्यांदा लिहिलं. अजून कोणाशी बोलले नाही. समोर शाळेच्या ऑफिसात दिवा दिसतो आहे, अधिकारी आहेत तिथे. थांबते. हे पत्र


५ नोव्हेंबर

ताई,

माझी तार मिळाली असेल. 'होडीतली मुलं वर्गात येईपर्यंत हजर लावू नकोस. पत्र येते आहे.' पोस्टमास्तरांनी ती ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचली असेल, साहेबांच्या कानावर गेली असेल, आणि तुला कोणीतरी विचारलंही असेल की आजपर्यंत कशी लावत होता बाई. तू माझ्यावर संतापली असशील. हक्क आहे तुला. पण आधी हे वाच. सोबत अर्धवट राहिलेलं मागचं पत्रही घातलं आहे. ते पहिल्यांदा वाच, मग हे.

त्या संध्याकाळी मी तशीच रस्ता ओलांडून गेले. पायात घरातल्या चपला होत्या. अधिकाऱ्यांना म्हटलं, "काल ती सकाळी आलीच नव्हती. खूण मी आधीच केली होती." माझी भाषा त्या वेळी इतकी मोडली की दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना कारकूनबाईंनी फोन खाली ठेवला.

अधिकारी ओरडले नाहीत. मला वाटत होतं ओरडतील. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला किती वाजता कळलं की ती नाही?"

"नऊ दहाला."

"कालच्या."

"हो."

"तेहतीस तास," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं. मग म्हणाले, "आता तिच्याबद्दल तुला जे जे माहीत असेल ते सांग. काहीही."

मी पावाच्या कडा सांगितल्या, रिकामे खिसे सांगितले, गुडघ्यावरचा गंज सांगितला. वाटेत कोणीतरी वाट बघतं, हे सांगितलं. ताई, मला सगळं माहीत होतं. महिनाभर ते माझ्यासमोर मांडून ठेवलेलं होतं, आणि मी त्यातून गोड किस्सा करून तुला पाठवला.

ती शनिवारी उजाडताना सापडली. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एक बंद पडलेलं धुलाईघर आहे, त्याची चिमणी आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसते. तिथल्या तळघरात एक कुत्री व्यायली होती. खारुताई बसमधून एक थांबा आधी उतरून तिला पाव घालायला जायची. गुरुवारी सकाळी पायाखालचा पत्रा सुटला आणि ती खाली गेली. वरून एक लोखंडी रूळ घसरून पायावर आला. फुटक्या नळातून पाणी ठिबकत होतं, म्हणून वाचली. दोन पिल्लं तिच्या कुशीत झोपलेली होती म्हणे. शाळेच्या भिंतीपासून मोजलं तर सत्तर पावलं. बाग आणि तळं दुसऱ्या टोकाला.

जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. डॉक्टर घड्याळबाईंना म्हणाले, "गुरुवारीच आणली असती तर," आणि पुढचं बोलले नाहीत. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. पुढचं मला कळलं.

मला वाटलं होतं, तिचे वडील मला बघितल्यावर मारतील. मला ते बरं वाटलं असतं. मंगळवारी ते वॉर्डातून बाहेर आले, माझ्यासमोर थांबले. डोळे लाल, किती दिवस झोपले नव्हते कुणास ठाऊक. म्हणाले, "ती तुला बोलावते आहे." एवढंच. आणि दार उघडून धरलं. त्या हाताला चारच बोटं होती.

ती उशीला टेकून पडली होती. टोपी धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घातली होती. मला बघून हसली. मग बोलू लागली.

"तिथे घंटा ऐकू यायची. पहिली घंटा झाली तेव्हा मी खूप ओरडत होते. मग वाटलं, आता फोन जाईल, बाबा उठतील आणि मला शोधतील. मग आठवलं, तू मला हजर लावणार."

तिने पांघरूण वर ओढलं.

"मग ओरडायची थांबले. म्हटलं, आता कोणी येणार नाही. बाबांना झोपू दे." आणि मग तिने विचारलं, अगदी सहज, दिलेला शब्द पाळला की नाही एवढंच बघायला विचारतात तसं, "लावलंस ना तू?"

मी हो म्हटलं. अधिकाऱ्यांना म्हटलं होतं तसंच.

त्यानंतर मी व्हरांड्यातल्या बाकावर किती वेळ बसले माहीत नाही. घड्याळबाई येऊन शेजारी बसल्या. त्यांच्यावरही चौकशी आहे, माझ्यामुळे. हजेरी शिकाऊ मुलीच्या हाती का दिली म्हणून. मला त्यांचा सप्टेंबरातला प्रश्न ऐकू आला, जसाच्या तसा. आणि होडी आलीच नाही तर?

ताई, मी उठले आणि पळत सुटले, थेट पोस्टाच्या बंद खिडकीपर्यंत. तुझ्या खिडकीतून बघ. घंटा झाली, होडी नदीच्या मध्यावर, तुझी लेखणी चालते आहे. अकरा खुणा. समज, त्या क्षणी होडी कलली. तू फळ्याकडे वळलेली. पलीकडच्या गावातल्या आयांना माहीत, पोरं शाळेत आहेत. शाळेच्या पटावर पोरं शाळेत आहेत. संध्याकाळी होडी परत का आली नाही म्हणून कोणी परतीच्या वाटेवर शोधायला लागेल, कोणी तुला विचारेल, आणि पट पुढे करून तू म्हणशील, होती की. नाही म्हणशील असं मला म्हणता येत नाही. मीही आधी असंच म्हटलं असतं, माझ्या हातून असं कसं होईल.

बुधवारभर मी घुटमळत राहिले. गुरुवारी सकाळी पोस्टात गेले. तारेचा कागद घेतला. सरपंच सोबत आली होती. तिने मजकूर वाचला आणि माझा हात धरला. म्हणाली, "बहिणीची नोकरी घालवशील. पत्रात लिही, खासगीत लिही, बारा दिवसांनी काय आकाश कोसळतं?" बरोबर होतं तिचं. मला नोकरी दिसली, साहेब दिसले, आई दिसली, भावोजींची आई तुला बोलताना दिसली. कागद फाडायला घेतला. आणि लक्षात आलं की अकरा वाजता, निरीक्षकांच्या देखत, मी असाच विचार केला होता. मग पैसे भरले आणि तार खिडकीतून आत सरकवली.

माझं म्हणशील तर प्रशिक्षण रद्द झालं आहे. पंधरा तारखेला निघते. बाकी तिघींना ठेवून घेतलं, सरपंचाची भीती खोटी ठरली. ती माझ्याशी फार बोलत नाही, पण काल बघते तर भावोजींच्या बॅगेचा पट्टा तिने जाड दोऱ्याने शिवून ठेवला होता. फाटकावरचे आजोबा कामावर येत नाहीत. मी त्यांच्या घरी गेले होते. मी सगळं सांगितलं, ती सकाळीच पडली होती, तुम्ही पाहणं शक्यच नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "पण लाल टोपी मी पाहिली गं. बागेकडे गेली." ते आता हेच सांगत राहणार.

कुत्रीची दोन पिल्लं खारुताईच्या वडिलांनी घरी नेली.

परत आल्यावर काय करणार, विचारू नकोस. शिकवीन की नाही, मला माहीत नाही. आईला तू काय सांगायचं ते ठरव. मी आल्यावर खरं तेच सांगणार आहे.

तार पाठवून आज सहा दिवस झाले. पोस्टातल्या बाई म्हणतात, तुमच्याकडे ती दुसऱ्याच दिवशी पोचली आहे. मी रोज सकाळी जाऊन खिडकीशी उभी राहते आणि त्या रोज मान हलवतात. तू उत्तर पाठवलेलं नाहीस. तू माझ्यावर रागावली आहेस, माझं नाव काढायचं नाही असं घरात सांगितलं आहेस, म्हणून उत्तर नाही. मी तेच धरून बसले आहे. ताई, तेवढंच असू दे. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी, पण एकदाच, पोस्टमास्तरांकडून का होईना, दोन शब्द पाठव की पोरं काठाला लागली.

रोज नऊच्या घंटेला तुझ्या नदीकडे तोंड करून उभं राहणारं,
तुझं शेपूट